वीस मिनिटांचा बाक

गुरुवारी साडेचारशे माणसांसमोर थोरला तोंडघशी पडला. घरातल्या कोणाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, आणि तसं कोणी बोलूनही दाखवलं नाही. या घराची ती जुनीच रीत.

संस्थेला पन्नास वर्षं झाल्याचा समारंभ होता. अध्यक्ष म्हणून थोरल्यानं पाऊण तास भाषण केलं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आंधळ्या लेकीसाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पहिलं पुस्तक मोठ्यानं वाचलं, टेप केलं, ते सांगितलं. त्या एका टेपची आज चार हजार ध्वनिपुस्तकं झाली, तेही सांगितलं. मग आवाज जरा जड करून तो म्हणाला, की इथे कोणी नोकर नाही आणि कोणी मालक नाही, इथे सगळं एक कुटुंब आहे. टाळ्या पडल्या. तो घोटभर पाणी प्यायला आणि खुशीत येऊन म्हणाला, आता आपल्या श्रोत्यांपैकी कोणीतरी दोन शब्द बोलावेत. तिथेच चुकलं.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. जन्मभर पोस्टात नोकरी केलेले, पुढे दृष्टी गेलेली, गेली चौदा वर्षं संस्थेची पुस्तकं ऐकणारे. त्यांनी माइकसुद्धा मागितला नाही.

"अध्यक्षसाहेब, तीन नंबरच्या खोलीतल्या बाईंचा घसा आता कसा आहे?"

थोरला हसला. "कोणत्या बाई?"

"ज्यांनी अर्ज वाचला त्या."

"कोणता अर्ज?"

सभागृहात एकदम कुजबुज उठली. मागून एका बाईचा आवाज आला, "बाक परत ठेवला का हो?" दुसरीकडून कोणी म्हणालं, "निदान गरम पाणी तरी देता की नाही त्यांना?" सभागृहात बसलेल्या प्रत्येक आंधळ्या माणसाला जे माहीत होतं, ते स्टेजवरच्या डोळस अध्यक्षाला माहीत नव्हतं. थोरला "हो, हो, त्याची दखल घेतलेली आहे" असं काहीतरी पुटपुटला आणि घाईघाईनं आभार मानून मोकळा झाला.

शुक्रवारी त्यानं अध्यक्षपदाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्याच संस्थेचं एक पुस्तक ऐकलं. तेसुद्धा सगळं नाही. मधमाश्या पाळण्याविषयीचं नऊ तासांचं पुस्तक होतं, त्यानं थेट शेवट गाठला. "पुस्तक इथे संपलं" असं वाचकबाई म्हणाल्या आणि श्वास घेऊन त्याच सुरात पुढे वाचू लागल्या. "यापुढचं पुस्तकातलं नाही. हा अर्ज आहे. कागदावर तीनदा दिला, उत्तर आलं नाही, म्हणून मोठ्यानं वाचते. मी तीन नंबरच्या खोलीत वाचते. आम्ही वाचणाऱ्या तिघीजणी आहोत. पूर्वी चाळीस मिनिटं वाचायचं आणि वीस मिनिटं बाहेरच्या बाकावर गप्प बसायचं, असा नियम होता. तो दीड वर्षापूर्वी बंद केला, बाकही उचलून नेला. आता सलग तीन तास वाचतो. माझ्या घशात गाठी झाल्या आहेत. कृपा करून वीस मिनिटं परत द्यावीत." इतकंच. शेवटचे दोन शब्द घोगरे निघाले होते.

साडेसहाशे घरांत हे चार महिन्यांपूर्वीच पोचलं होतं. कुटुंब म्हणे! कुटुंबात कोणाचा घसा बसला तर निदान शेजारच्या खोलीतलं माणूस तरी विचारतं. इथे चौकशी करायला पोस्टातल्या म्हाताऱ्याला काठी टेकत यावं लागलं. पण थोरल्याला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला फक्त आपला अपमान ऐकू आला, आणि त्यानं रविवारी अकराला विश्वस्तांची तातडीची बैठक बोलावली.

*

विश्वस्त म्हणजे घरचेच पाचजण. थोरला, त्याची बायको, जिला सगळं कार्यालय वहिनीच म्हणतं आणि जिच्या हातात कामाचं वेळापत्रक आहे, यंत्रं सांभाळणारा धाकटा, तिघा भावंडांत मोठी, नवव्या वर्षी दृष्टी गेलेली आत्या, जिच्यामुळे हा सगळा डोलारा उभा राहिला, आणि आजी गेल्यावर तिच्या जागी घेतलेली थोरल्याची मुलगी. ती अठ्ठावीस वर्षांची झाली तरी घरात आणि कार्यालयात छोटीच. तिची ही पहिली बैठक.

बैठक थोरल्याच्या केबिनमध्ये होती. भिंतीला तो जुना लाकडी बाक लावलेला, त्यावर समारंभात उरलेल्या स्मरणिकांचे गठ्ठे. वरच्या गठ्ठ्यावरून अप्पांचा फोटो सगळ्यांकडे बघत होता. छोटी आल्यापासून बाकाकडे बघायचं टाळत होती. तिच्या पिशवीत तीन कागद होते, आणि ते बाहेर काढायचे की नाहीत हे तिचं रात्रभर ठरलं नव्हतं.

"मी थोडक्यात सांगतो," थोरला म्हणाला. त्यानं थोडक्यात काही सांगितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "प्रस्ताव एक. वाचकबाईंना आजपासून कामावरून कमी करायचं. प्रस्ताव दोन. ते रेकॉर्डिंग ऐकून ज्यानं कोणी पुढे सोडलं, त्यालाही. बाईंना बाराला खुलाशासाठी बोलावलंय. माझ्या मते त्याचीही गरज नाही, पण उद्या कोणी म्हणायला नको."

"बावीस वर्षं झाली त्यांना," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच जास्त लागतं! कालची आलेली मुलगी असती तर एक वेळ समजू शकलो असतो. अरे, बाईंना काही म्हणायचं होतं तर माझं दार उघडं होतं. अर्ज नाही, विनंती नाही, सरळ साडेसहाशे घरांत आमची अब्रू काढली."

"तीनदा दिला म्हणतायत की त्यात."

"म्हणायला काय जातं? माझ्याकडे एकही कागद आलेला नाही."

छोटीनं वडिलांकडे पाहिलं. वडील खोटं बोलत असते तर तिला सोपं गेलं असतं. पण ती त्यांचा चेहरा ओळखत होती. ते खोटं बोलत नव्हते, ते विसरले होते. तीनदा तिनं स्वतः जिना चढून ते कागद त्यांच्यापुढे ठेवले होते. तीनदा त्यांनी फोनवर बोलता बोलता कोपऱ्यात दोन शब्द लिहून परत दिले होते. आणि तिनं ते निमूटपणे फाइलला लावले होते. याची तिला वडिलांपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली.

"बाबा, कागद आले होते."

तिनं ते टेबलावर ओळीनं मांडले. तिन्हींच्या कोपऱ्यात थोरल्याचं सुरेख अक्षर होतं: नंतर पाहू.

"काय आहे? मला कोणी सांगेल का?" आत्यानं विचारलं, आणि धाकट्यानं तिला सांगितलं. सांगताना त्याला मजा वाटत होती हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"छोटे," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "हे काल घरी सांगता आलं नसतं का? बाबांना असं तोंडावर पाडायचं?"

"काल सांगितलं असतं तर आज कागद इथे दिसले असते का, आई?"

थोरल्यानं तिन्ही कागद एकत्र केले, कडा जुळवल्या आणि उपडे ठेवले. "बरं, आले होते. मला रोज पन्नास कागद येतात. अर्जाला उत्तर आलं नाही म्हणून माणूस असा पाठीत वार करतो का? आणि आपण काय केलं नाही बाईंसाठी? डॉक्टरांची चिठ्ठी आणली तेव्हा वाचन बंद करून पुस्तकांच्या याद्या तपासायला बसवलं की नाही?"

"बसवलं ना," वहिनी म्हणाली. "दोन आठवडे."

"डॉक्टरांनी सहा सांगितले होते," छोटी म्हणाली.

"सहा आठवडे एक खोली रिकामी ठेवणं परवडतं का आपल्याला? पन्नासाव्या वर्षात पन्नास पुस्तकं द्यायची, असं जाहीर केलं होतं तुझ्या बाबांनी. ती कोण वाचणार होतं? मी?" शेवटचा शब्द वहिनीच्या तोंडून जरा जोरातच गेला. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आणि तो वीस मिनिटांचा नियम," थोरला म्हणाला, "अप्पांच्या काळात ठीक होता. तो सल्लागार आला, त्यानं दोन दिवसांत दाखवून दिलं. तासातला तिसरा हिस्सा माणसं नुसती गप्प बसतात. मुद्दा पटण्यासारखा नव्हता का? धाकट्या, तूच मान डोलवली होतीस."

"मी डोलवली होती," धाकट्यानं कबूल केलं. त्यानं आयुष्यभर समोर बोलणाऱ्या प्रत्येकाला मान डोलवली होती आणि आजवर ते कधी अंगाशी आलं नव्हतं.

"झालं तर मग. आता दुसरा प्रस्ताव. ते रेकॉर्डिंग पुढे कोणी सोडलं? यंत्रं तुझ्याकडे आहेत. श्रोत्यांना जाणारी मेमरी कार्डं तूच भरतोस. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय आपल्याकडून पुस्तक जात नाही, मग हे कसं गेलं? नाव सांग, मला आजच निकाल लावायचाय."

धाकट्यानं खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग आत्याकडे.

"अरे, बोल की!"

"मी सोडलं," आत्या म्हणाली.

थोरल्याला आधी कळलंच नाही. "तू काय सोडलंस?"

"पुस्तक. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय जात नाही म्हणालास ना? मग ऐकतं कोण, असं वाटलं तुला? भुतं? पन्नास वर्षं मी ऐकतेय. मी 'जाऊ दे' म्हटलं की धाकटा कार्डं भरतो. मधमाश्यांचं पुस्तक मी नऊ तास ऐकलं, अर्जही ऐकला, आणि म्हटलं जाऊ दे."

"ताई, तुझं वय झालं, तू आता थोडंथोडंच ऐकतेस असं आम्हाला..."

"असं तुम्हाला वाटलं. मी थोडंथोडं ऐकून सोडते असं वाटूनही इतकी वर्षं तुम्ही पुस्तकं पाठवत राहिलात. तुझी लाज मला वाटायला हवी की माझी तुला?" तिचा आवाज चढला नव्हता. "चार महिने मी वाट बघितली. म्हटलं, संस्थेचं पुस्तक आहे, घरात चार धडधाकट माणसं आहेत, कोणीतरी एकजण चुकून शेवट ऐकेल. वर येऊन म्हणेल, ताई, हे काय आहे? कोणी आलं नाही. जेवायच्या टेबलावर मी तुम्हाला विचारायची, नवीन काय ऐकलंत? तुम्ही म्हणायचात, वेळच मिळत नाही. आता काढ मला. लिही ठरावात. आत्याबाईंना कामावरून कमी करण्यात येत आहे."

"तू विश्वस्त आहेस, तुला कसं काढणार?" थोरला चिडून म्हणाला.

"मग त्या बाईंना कसं काढतोस?"

थोरल्यानं कपाळ पुसलं. दुसरा प्रस्ताव त्यानं पेननं खोडला. पहिला तसाच ठेवला.

*

बाराला दोन मिनिटं कमी असताना वाचकबाई आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, गळ्याभोवती करड्या रंगाचा रुमाल बांधलेला. सगळ्यांच्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि बाकावर स्मरणिका होत्या, त्यामुळे त्या दाराजवळ उभ्याच राहिल्या. बसायला सांगायचं कोणाला सुचलं नाही. मग छोटीनं उठून आपली खुर्ची दिली आणि ती स्वतः उभी राहिली.

"बाई, तुमचं म्हणणं मांडा," थोरला म्हणाला. "नंतर संधी दिली नाही असं म्हणू नका."

बाईंनी पिशवीतून वही काढली, लिहिलं, आणि पान वळवून त्याच्यापुढे धरलं. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली आहे.

"हे बघा, हे नाटक नको. दोन वाक्यं बोलायला काय होतं?"

बाईंनी तेच पान पुन्हा दाखवलं.

"काय चाललंय?" आत्यानं विचारलं. "बाई आल्यात ना? बोलत का नाहीत?"

तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं. बाईंना बोलता येत नव्हतं आणि आत्याला वाचता येत नव्हतं. त्या दोघी गेली बावीस वर्षं जवळजवळ रोज एकमेकींच्या सोबतीला होत्या, एक वाचणारी आणि एक ऐकणारी, आणि आज एका टेबलाला बसून त्यांना एक शब्दही एकमेकींपर्यंत पोचवता येत नव्हता.

"मी वाचते," छोटी म्हणाली.

बाई लिहू लागल्या. भराभर, न खोडता. थोरला बोटांनी टेबल वाजवत होता. वहिनी मात्र बाईंच्या हाताकडे बघत होती आणि तिच्या मनात नको ते येत होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिली दोन वर्षं तीही तीन नंबरच्या खोलीत वाचत असे. घरात सासू, सासरे, नणंद, दीर, येणारेजाणारे. सकाळी डोळे उघडल्यापासून कोणीतरी हाक मारायचं. वाचन करून बाहेर आली की अप्पा स्वतः त्या बाकाकडे बोट दाखवायचे. तिथे बसल्यावर तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा त्यांचा सगळ्यांना दम होता. सासूलासुद्धा. दिवसातली ती वीस मिनिटं सोडली तर त्या दोन वर्षांत ती कधी एकटी बसल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि दीड वर्षापूर्वी वेळापत्रकातून ती ओळ तिनंच, स्वतःच्या हातानं, पट्टी ठेवून खोडली होती. तेव्हा हे आठवलं नाही. आत्ताच नेमकं का आठवावं याचा तिला राग आला.

बाईंनी वही छोटीकडे दिली.

"'साहेब,'" छोटीनं वाचायला सुरुवात केली, "'मी जे केलं ते बरोबर केलं नाही. श्रोत्यांचं पुस्तक होतं, त्यात माझं गाऱ्हाणं घालायला नको होतं. त्याबद्दल मला काढलं तर मी भांडणार नाही.'"

"बघा!" थोरला म्हणाला. "त्या स्वतःच..."

"तिचं संपू दे," आत्या म्हणाली.

"'पण मला एक सांगा. तुम्ही दर महिन्याच्या सभेत आम्हाला कुटुंब म्हणता. मागच्या वर्षी मला पाणी गिळताना दुखायला लागलं तेव्हा मी तुमच्याशी जिन्यात बोलले होते. तुम्ही म्हणालात, बाई, ही सेवा आहे, सेवेत थोडं सोसावं लागतं. साहेब, तुमचा घसा बसला होता तेव्हा तुम्ही आठ दिवस घरी होतात. माझ्या लक्षात आहे, कारण तुमचा श्रोत्यांसाठीचा संदेश तेव्हा मीच वाचला होता.'"

धाकटा हसला आणि हसू दाबायला खोकला. छोटीला हसू आलं नाही. वडिलांच्या विरुद्ध लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून जात होतं, आणि आश्चर्य म्हणजे तिचा आवाज कापत नव्हता. तिनं पान उलटलं, पुढची ओळ मनात वाचली आणि ती थांबली.

"पुढे?" आत्या म्हणाली.

"आत्या, पुढचं मी नंतर..."

"या घरात 'नंतर' खूप झालं. वाच. शेवटपर्यंत वाच."

छोटीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, वाच म्हणून.

"'आत्याबाईंना मी कधी हे सांगितलं नाही. मधमाश्यांच्या पुस्तकाची एकशे बारा पानं त्यांनी परत पाठवली होती. शेरा होता, आवाज फुटतो, पुन्हा वाचावं. मी पुन्हा वाचली. त्यातली चाळीस परत आली. ती तिसऱ्यांदा वाचली. आवाज का फुटतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाकी कोणी ऐकत नव्हतं याचं मला काही वाटलं नाही. त्या रोज ऐकत होत्या.'"

आत्याचा चेहरा कसा झाला ते वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. आतापर्यंत तिच्या रागाला धार होती, कारण त्या रागात ती स्वतः कुठे नव्हती. आता होती. बाईंचा आवाज तिनं पानापानाला पारखला होता. कुठे घरघर आली, कुठे शब्द तुटला, सगळं तिच्या कानानं अचूक पकडलं होतं आणि बोलून लिहून घेतलेल्या शेऱ्यात टाकलं होतं. रेकॉर्डिंग बिघडलंय, इतकंच तिला कळलं होतं. माणूस बिघडत चाललंय हे पन्नास वर्षं ऐकणाऱ्या तिच्या कानाला कळलं नाही. आणि मग शेवटी अर्ज ऐकू आला तेव्हाही ती चार महिने काय करत बसली? भावांची परीक्षा घेत बसली.

"संपलं?" तिनं विचारलं.

"एक ओळ आहे. 'माझा आवाज परत येईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला माफी नको. माझ्यामागे दोघीजणी आत वाचतात. त्यांच्यासाठी बाक परत ठेवा.'"

"बाई," आत्या आवाजाच्या अंदाजानं त्यांच्याकडे वळली. "माझं चुकलं. तुम्ही माफी नको म्हणालात, तरी सांगते. मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, मला."

उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. आत्या कान देऊन थांबली.

"काय लिहितायत?"

"काही नाही, आत्या," छोटी म्हणाली. "त्यांनी पेन खाली ठेवलं."

*

थोरल्याला हे सगळं हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. तो उठून उभा राहिला. "भावनेच्या भरात संस्था चालत नाही. प्रस्ताव मताला टाकतो. वाचकबाईंना कामावरून कमी करावं. बाजूनं?" त्यानं स्वतःचा हात वर केला. वहिनीचाही हात वर गेला. तेहतीस वर्षांची सवय होती त्या हाताला.

"विरुद्ध?"

छोटीनं हात वर केला. आत्यानं केला. धाकट्यानं दोघींकडे पाहिलं, दादाकडे पाहायचं टाळलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारायच्या आत हात वर केला.

"तीन विरुद्ध दोन," छोटी म्हणाली. "नामंजूर."

"मग चालवा तुम्हीच!" थोरला कडाडला. "बाई इथे राहणार असतील तर मी अध्यक्ष राहणार नाही. आज, आत्ता, राजीनामा!" ही धमकी त्यानं याआधी चारदा दिली होती, त्यातली दोनदा आजी असताना. तेव्हा प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला समजवायला धावलं होतं.

"राजीनाम्याचं नंतर पाहू," आत्या म्हणाली. "धाकट्या, बाक कुठाय?"

"इथेच आहे, ताई. भिंतीला. स्मरणिका ठेवल्यात त्यावर."

"उतरव."

धाकट्यानं आणि छोटीनं गठ्ठे उचलून थोरल्याच्या टेबलावर रचले. टेबलामागचा थोरला छातीपर्यंत झाकला गेला. मग एक टोक धाकट्यानं धरलं, एक छोटीनं. बाक जड होता, जिन्याच्या वळणावर अडकला, कठड्याचा रंग खरवडला गेला. आत्या भिंत चाचपत मागून आली, तिच्यामागून वाचकबाई, आणि सगळ्यात मागून वहिनी, जिला कोणी या म्हटलं नव्हतं. तीन नंबरच्या खोलीसमोर फरशीवर बाकाच्या पायांचे चार काळे डाग अजून तसेच होते. बाक बरोबर त्यावर बसला.

आत्या एका टोकाला बसली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. वाचकबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग बसल्या, अगदी दुसऱ्या टोकाला. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली. आत्याला ते अंतर कळलं असणार. ती सरकली नाही.

"घड्याळ कोणाकडे आहे?" तिनं विचारलं.

"माझ्याकडे," वहिनी म्हणाली.

"वीस मिनिटं लाव. नियम माहीत आहे ना सगळ्यांना?"

धाकटा जिन्याच्या पायरीवर बसला. छोटी भिंतीला टेकून उभी राहिली. कॉरिडॉरमध्ये कोणी बोललं नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, कुठेतरी दार आपटलं. वाचकबाईंनी गळ्याचा रुमाल सैल केला. वहिनी घड्याळाकडे बघत होती, मग नुसतीच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली, सात झाली.

वरून पावलं वाजली. आपल्याला समजवायला कोणीच येत नाही हे पुरतं कळल्यावर थोरला स्वतःच खाली आला होता. बाकावर बसलेल्या दोघींकडे, पायरीवरच्या भावाकडे, भिंतीला टेकलेल्या मुलीकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. काही वेळ त्यानं धीर धरला. मग त्याला राहवेना.

"पण मला एक सांगा," त्यानं सुरुवात केली, "या संस्थेसाठी मी..."

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाली. "अजून अकरा मिनिटं आहेत."